सावित्रीच्या काठाने: घाटापासून खाडीपर्यंत नदी कशी बदलते, ते मुलांकडून मोजून घ्यायचंय

खडूफळा | ६ नोव्हेंबर, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी. मी रायगड जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. दरवर्षी आमची क्षेत्रभेट होते. गेल्या वर्षी धरण बघितलं, बागेत जेवलो, फोटो काढले आणि परत आल्यावर एका मुलीच्या वहीवरून बाकीच्या बावीस जणांनी अहवाल उतरवला. तो गठ्ठा तपासताना मला मनापासून वाईट वाटलं. चूक मुलांची नव्हती. मी त्यांना मोजायला काहीच दिलं नव्हतं.

यंदा ठरवलंय की एकच नदी घ्यायची आणि वरून खाली जात ठिकठिकाणी तिची रुंदी, खोली, वेग, उतार आणि तळातले दगड मोजायचे. पुस्तकात आपण युवावस्था, प्रौढावस्था, वृद्धावस्था शिकवतो. वर खनन, मध्ये वहन, खाली संचयन. हे खरंच तसं दिसतं का, ते मुलांनी स्वतः पाहावं एवढाच हेतू आहे.

नदी सावित्री घ्यायचा विचार आहे. जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरातून जिचा उगम मानतात ती. कृष्णा तिथूनच निघते आणि पूर्वेला सुमारे १,४०० किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री मात्र कड्यावरून पश्चिमेला उतरते, पोलादपूर-महाड करत शंभर-सव्वाशे किलोमीटरमध्ये बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला भेटते. म्हणजे उगम ते मुख हा सगळा प्रवास दोन दिवसांत बघता येतो.

विचारायचं ते असं: कोणत्या जागा निवडाव्यात? डिसेंबर बरा की जानेवारी? आणि आमच्याकडे साहित्य म्हणजे दोन टेप, एक दोरखंड आणि चार मोबाइल. एवढ्यात काय काय जमेल?

---

सह्यवाट | ६ नोव्हेंबर, रात्री १०:३१

उत्तम धागा. सावित्रीच निवडा, बदलू नका.

घाटमाथ्यावर मोजायला जाऊ नका. आर्थर सीटवरून खाली सावित्रीचं खोरं दिसतं ते फक्त बघण्यासाठी. कडा इतका सरळ तुटलाय की मुलांना 'उतार' हा शब्द तिथे उभं राहूनच कळेल. मोजायला सुरुवात आंबेनळी घाट उतरून आल्यावर करा. तिथे पात्रात घराएवढे धोंडे पडलेले असतात आणि त्यांच्यामधून पाणी वाट काढत जातं. तिथून पोलादपूरपर्यंत दोन-तीन जागा सहज मिळतील. रस्ता बराच वेळ नदीच्या सोबतीने जातो.

डिसेंबरचा पहिला पंधरवडा धरा. जानेवारीच्या शेवटी वरच्या भागात पाणी फारच कमी होतं, मग तुमचं मोजमाप डबक्यांचं होईल.

---

कृष्णाकाठ | ७ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

मी वाईचा, त्यामुळे विचारतो. कृष्णा का नाही? मेणवलीचा घाट, माहुलीला वेण्णेचा संगम, कराडला कोयनेचा प्रीतिसंगम. समोरासमोर येऊन मिळणाऱ्या नद्या दुसरीकडे कुठे दाखवाल मुलांना?

---

मोजणीदार | ७ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

मी पाटबंधाऱ्यात नदीचं पाणी मोजण्याच्या कामावर तीस वर्षं होतो, आता निवृत्त आहे. कृष्णाकाठ, प्रीतिसंगम बघायला जरूर न्यावं, पण या अभ्यासाला कृष्णा नको. वाईच्या वर बलकवडी आणि धोम ही धरणं आहेत, पुढे ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. डिसेंबरात तुम्ही जो वेग मोजाल तो नदीचा नसतो. आवर्तन (धरणातून ठरावीक वेळी सोडलेलं शेतीचं पाणी) सुटलंय की नाही आणि बंधाऱ्याला फळ्या घातल्यात की नाही, यावर तो ठरतो.

कोकणातली वाशिष्ठीही नको, कारण कोयनेच्या वीजघरांतून निघालेलं पाणी तिच्यात येतं. पश्चिमेला वळवायची मर्यादाच वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे, यावरून अंदाज करा. मुंबईत संध्याकाळी दिवे लागले की चिपळूणला पाणी वाढतं, असं आम्ही म्हणायचो. सावित्रीच्या मुख्य प्रवाहावर असं मोठं धरण नाही. बाईंनी नदी बरोबर निवडली आहे.

आता मोजण्याबद्दल. दोन टेप आणि दोरखंड पुष्कळ झाले.

जागा निवडताना १०-१५ मीटर सरळ वाहणारा पट्टा बघा. वळणावर मोजू नका. दोरी काठापासून काठापर्यंत आडवी ताणा आणि तिच्यावर दर मीटरला चिंधी बांधा. प्रत्येक चिंधीखाली खोली घ्या. सरासरी काढताना एक चूक हमखास होते. अकरा ठिकाणी खोली घेतली की पोरं बेरजेला अकराने भागतात. दोन्ही काठांवर खोली शून्य असते, म्हणून भागायचं बाराने. नाहीतर नदी उगाच खोल दिसते.

वेगासाठी संत्रं घ्या. ते जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतं, त्यामुळे वाऱ्याने ढकललं जात नाही, आणि रंगामुळे लांबून दिसतं. थर्माकोल वापरू नका. १० मीटर अंतर आखा, डावीकडून, मधून आणि उजवीकडून सोडा, प्रत्येक ठिकाणी पाच वेळा. पृष्ठभागाचं पाणी आतल्या पाण्यापेक्षा जोरात असतं, म्हणून आलेल्या वेगाला ०.८५ ने गुणा.

समजा रुंदी १२ मीटर, सरासरी खोली ०.४ मीटर. नदीच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ झालं ४.८ चौरस मीटर. संत्र्याला १० मीटरला २० सेकंद लागले, म्हणजे वेग सेकंदाला अर्धा मीटर. ०.८५ ने गुणून ०.४२५. विसर्ग, म्हणजे सेकंदाला वाहून जाणारं पाणी = ४.८ × ०.४२५ = २.०४ घनमीटर दर सेकंदाला, म्हणजे ७२ क्युसेक (घनफूट दर सेकंदाला). पेपरात पूर आल्यावर जे हजारो क्युसेक छापून येतात ते काय असतं, हे पोरांना त्या क्षणी कळतं.

उतारासाठी गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल पाइप आणा. दोन टोकांना दोघं, नळीत पाणी, दोन्हीकडे पाण्याची पातळी सारखी. २० मीटरमध्ये नदी किती सेंटिमीटर उतरली ते सरळ पट्टीवर मोजता येतं. मोबाइलमधल्या ॲपपेक्षा हे कितीतरी भरवशाचं.

---

खडूफळा | ७ नोव्हेंबर, दुपारी १:०५

काका, किती आभार मानू! बाराने भागायचं हे मला स्वतःला माहीत नव्हतं. अकरा वर्षं शिकवते आहे.

मुलांना आधी एक गृहीतक लिहायला सांगितलं. तेवीसपैकी एकवीस जणांनी लिहिलं, 'नदीचा वेग वरच्या भागात सर्वांत जास्त आणि खालच्या भागात सर्वांत कमी असेल.' मी हो म्हणाले. बरोबर ना?

---

मोजणीदार | ७ नोव्हेंबर, दुपारी ४:२०

हो म्हणू नका. नाहीही म्हणू नका. मोजू द्या.

---

गारगोटी | ७ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:४८

काकांनी शेवटचं वाक्य अर्धवट सोडलंय, ते मी पुढे नेते. मी भूशास्त्राची विद्यार्थिनी आहे.

१९५३ मध्ये लिओपोल्ड आणि मॅडॉक या दोघांनी अमेरिकेतल्या अनेक नद्यांच्या मोजणीच्या नोंदी एकत्र केल्या. खाली जाताना विसर्ग वाढतो तशी रुंदी वाढते, खोली वाढते, हे सगळ्यांना अपेक्षित होतं. पण सरासरी वेगसुद्धा थोडा वाढतो असं निघालं. विसर्गाच्या कितव्या घाताने कोणती गोष्ट वाढते, तो घातांक रुंदीचा साधारण ०.५, खोलीचा ०.४ आणि वेगाचा ०.१. वाढ लहान आहे, पण उलट दिशेने नाही!

मग डोंगरातला ओढा इतका अवखळ का दिसतो? कारण त्याची बरीच शक्ती धोंड्यांवर आपटण्यात, भोवऱ्यात फिरण्यात, फेस काढण्यात जाते. आवाज मोठा, पुढे सरकणं थोडं. खाली पाणी खोल असतं आणि तळ त्या मानाने गुळगुळीत, म्हणून घर्षण कमी. पात्रावरून पाण्याचा वेग काढायच्या मॅनिंगच्या सूत्रात वेग हा जलत्रिज्येच्या दोन-तृतीयांश घाताने वाढतो आणि उताराच्या वर्गमुळाने. जलत्रिज्या म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ भागिले ओल्या परिघाची लांबी. आता गंमत बघा. उतार सोळापट कमी झाला तर त्याच्यामुळे वेग चौपट घटायला हवा. पण जलत्रिज्या आठपट वाढली तर तिच्यामुळे वेग चौपट वाढतो. दोन्ही फिटंफाट. त्यावर तळाचा खडबडीतपणा कमी झाला, की वेग पुढे निघून जातो. धोंड्यांच्या डोंगरी पात्राला हा खडबडीतपणाचा आकडा ०.०५ च्या आसपास धरतात आणि स्वच्छ सरळ पात्राला ०.०३.

त्यामुळे ओला परिघही मोजा. साखळी किंवा जड दोरी तळाला चिकटवून एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत टाकायची आणि मग तिची लांबी मोजायची. नदी कशामुळे पळते ते समजून घ्यायला हा एक आकडा लागतोच.

दगडांसाठी: डोळ्यांनी निवडू नका. आवडते, गोल, सुंदर दगडच हातात येतात. पात्रात एक पाऊल टाकायचं, मान वर ठेवून बोट बुटाच्या टोकाशी न्यायचं आणि पहिला लागेल तो दगड घ्यायचा. असे १०० दगड प्रत्येक जागी. ही वोलमनची १९५४ ची पद्धत, आजही वापरतात. लांब, मधली आणि आखूड अशा तीन बाजू मोजतात, पण वेळ कमी असेल तर मधली पुरे. गोलाईसाठी पॉवर्सचा, अगदी कोनीय ते अगदी गोल अशा सहा चित्रांचा तक्ता छापून न्या आणि प्रत्येक दगड चित्राशी ताडून बघा.

सावित्रीत जवळपास सगळा बेसॉल्टच आहे, त्यामुळे खडक बदलल्याने आकार बदलला असं म्हणायची सोय नाही. अभ्यासाच्या दृष्टीने हे फार चांगलं. एक आणखी शोधायला सांगा: लाव्हाच्या दोन थरांमध्ये विटकरी मातीचा पट्टा असतो, त्याला लाल बोल म्हणतात. तो मऊ असतो. वरच्या जागी त्याचे तुकडे मिळतील, खाली जाईपर्यंत झिजून संपतील. गारगोट्या मात्र टिकतात. याच नदीने दोन्ही आणलेले असतात.

---

डर्बीशायरकर | ८ नोव्हेंबर, रात्री १२:१०

लेक इथे इंग्लंडात दहावीच्या समकक्ष परीक्षेला बसतेय. इथे भूगोलाच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष जागेवर जाऊन केलेलं काम सक्तीचं आहे. तिच्या वर्गाला पीक डिस्ट्रिक्टमधल्या बर्बेज ब्रूक नावाच्या ओढ्यावर नेलं होतं. ओढा इतका छोटा की गमबूट घालून एका दिवसात सगळ्या जागा करून झाल्या. तिच्या वहीत ब्रॅडशॉचं मॉडेल काढलंय: एकीकडे खाली जाताना वाढणाऱ्या गोष्टी (विसर्ग, रुंदी, खोली, वेग, गाळाचं एकूण प्रमाण) आणि दुसरीकडे घटणाऱ्या (दगडांचा आकार, तळाचा खडबडीतपणा, उतार). दोन त्रिकोण, एक सुलटा एक उलटा. फळ्यावर काढायला सोपं आहे.

'आमचं मोजमाप कुठे चुकलं असेल' या भागालाही गुण असतात. सावित्रीचा फोटो टाका. माझं आजोळ पोलादपुरात होतं.

---

खाडीवरचा | ८ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

मी बाणकोट खाडीकाठचा. वरच्या मंडळींनी डोंगराचं सगळं सांगितलं, आता समुद्राचं ऐका.

सावित्री महाडपर्यंत खाडीच आहे म्हणा ना. भरतीचं पाणी तिथवर येतं. पूर्वी गलबतं भरतीवर महाडच्या बंदरापर्यंत जात. त्यामुळे महाडच्या खाली जे मोजाल ते घड्याळ बघून मोजा. ओहोटीला नदी समुद्राकडे जाते, भरतीला डोंगराकडे.

वेळ काढायची आमची रीत सोपी. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाचे पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला पंधराचे पाऊण सव्वाअकरा. हा हिशेब खाडीच्या तोंडाचा. आत महाडपर्यंत पाणी पोचायला आणखी वेळ लागतो, तो धरा. तुम्ही अष्टमीच्या आगेमागे या. भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे दिवस असतात, पाण्याला ओढ कमी आणि दुपारी ओहोटी मिळते. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, मुलं घेऊन येऊ नका.

खाली दगड शोधू नका, मिळायचे नाहीत. वाळू, मग बारीक रेती, मग पायाला धरून ठेवणारा चिखल. काठाला कांदळवन सुरू झालं की समजा खारं पाणी आलं. पूर्वी हातपाटीने वाळू काढायचे, माणूस बुडी मारून पाटी भरायचा. नंतर सक्शन पंप आले. त्यामुळे कुठे तळ नदीने केलाय आणि कुठे माणसाने, ते बघून सांगता येत नाही. स्थानिकाला विचारा.

---

महाडचा | ८ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

सगळ्यात महत्त्वाचं कुणी लिहिलंच नाही. महाडच्या नदीत मगरी आहेत. गोष्टीतल्या नाहीत, खऱ्या. हिवाळ्यात काठावर ऊन खात पडलेल्या रोज दिसतात. बाई, महाडला एकाही मुलाला पाण्यात उतरवू नका. घाटाच्या पायऱ्यांवरसुद्धा नाही. पुलावरून बघा, रुंदी उपग्रहाच्या नकाशावर मोजा.

---

खडूफळा | ८ नोव्हेंबर, सकाळी ९:५५

अंगावर काटा आला. लिहिलंत ते फार बरं केलंत. नियम ठरवला: महाडपासून खाली कुणीही पाण्यात उतरणार नाही, आणि वर पाणी गुडघ्याच्या वर असेल तिथेही नाही. प्रत्येक जागी वरच्या बाजूला एक शिक्षक आणि खालच्या बाजूला दोरी घेऊन दुसरा.

---

आकडेमोड | ८ नोव्हेंबर, रात्री ८:२५

एक सूचना, जागांच्या संख्येबद्दल. अंतर आणि वेग यांचा संबंध आहे का, हे बघायला तुम्ही बहुधा स्पिअरमनची क्रमसहसंबंध पद्धत वापराल. (१ वजा, ६ गुणिले क्रमफरकांच्या वर्गांची बेरीज, भागिले न गुणिले न-वर्ग-वजा-एक.) पाच जागा घेतल्या तर ५ टक्के पातळीवर (म्हणजे निव्वळ योगायोगाने तसं येण्याची शक्यता ५ टक्क्यांहून जास्त नको) उत्तर पूर्ण १ आलं तरच ते ग्राह्य. एक जरी जागा पुढेमागे झाली की संपलं. सहा जागांना ०.८८६ लागतं, आठ जागांना ०.७३८, दहांना ०.६४८. म्हणून जमतील तितक्या जागा घ्या. प्रत्येक जागी थोडं कमी मोजलं तरी चालेल, पण जागा वाढवा.

आणि जागांमधलं अंतर रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडावरून ठरवू नका. सर्वे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशावर नदीच्या वळणांवरून दोरा फिरवून उगमापासूनचं अंतर काढा. मुलांना दोऱ्याचं काम आवडतं.

---

खडूफळा | १७ डिसेंबर, रात्री ११:२०

आलो! दोन दिवस, सात जागा, तेवीस मुलं, सगळी सुखरूप. डोळे मिटतायत पण आजच लिहायचंय.

पहिली जागा घाटाखाली. पाण्याचा आवाज एवढा की सूचना ओरडून द्याव्या लागल्या. मुलं म्हणाली, 'मॅडम, इथेच सगळ्यात फास्ट!' संत्रं सोडलं. दोन हात पुढे गेलं, एका धोंड्याच्या मागे शिरलं आणि तिथेच गोल गोल फिरायला लागलं. ज्या मुलाच्या हातात स्टॉपवॉच होतं तो वाट बघत उभा. दुसरं संत्रं दोन खडकांच्या फटीत अडकलं. पाचांची सरासरी निघाली ती १० मीटरला ३१ सेकंद. तिसऱ्या जागी, पोलादपूरच्या खाली, नदी इतकी शांत की मुलांनी आधीच वहीत 'संथ' लिहून ठेवलं होतं. तिथे १७ सेकंद! कुणाचाच विश्वास बसेना. पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. एक मुलगी, जी वर्गात कधी तोंड उघडत नाही, ती म्हणाली, 'मॅडम, वरचं पाणी फक्त ओरडतं.' मी तिथे उभी राहून ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

गारगोटी, तुमचा लाल बोल सापडला. पहिल्या दोन जागी विटकरी तुकडे होते, बोटाने घासले की रंग लागतो. चौथ्या जागेपासून एकही नाही.

आता चूक. दुसऱ्या दिवशी जेवणाला दीड तास गेला. खाडीवरच्या दादांनी एवढं सांगूनही महाडच्या खाली दासगावला पोचेपर्यंत ओहोटी संपली होती. वर गोड्या पाण्यात सहा जागा झाल्या होत्या, ही सातवी. काठावरून संत्रं फेकलं. ते थांबलं. थोडा वेळ हललंच नाही. मग सावकाश डोंगराच्या दिशेने निघालं! पोरं इतकी ओरडली की काठावरचे बगळे उडाले. 'नदी घरी चालली!' असं कुणीतरी म्हणालं. माझं वेळापत्रक चुकलं खरं, पण ते संत्रं वर जाताना बघितलेलं मूल भरती-ओहोटी जन्मात विसरणार नाही.

---

मोजणीदार | १८ डिसेंबर, सकाळी ७:०२

वाचून फार आनंद झाला. ती १७ सेकंदांची जागा निवांत वाटली कारण पाणी खोल होतं. नदीचा जोर पाय टाकल्याशिवाय कळत नाही, आणि पाय टाकण्याआधी कळायला हवा. बुडण्याचे प्रसंग शांत डोहात का होतात, ते हेच. हे मुलांना वेगळं करून सांगा.

---

खडूफळा | २१ डिसेंबर, रात्री ९:१०

आकडेमोड दादा, हिशेब झाला. खाडीची जागा बाजूला ठेवून सहा जागांवर:

रुंदीचे क्रम (सर्वांत कमी १) वरून खाली १, २, ३, ५, ४, ६. उत्तर ०.९४३. ग्राह्य.

दगडांच्या आकाराचे क्रम (सर्वांत मोठा ६) ६, ५, ३, ४, २, १. उत्तर उणे ०.९४३. ग्राह्य.

वेगाचे क्रम (सर्वांत कमी १) २, १, ५, ३, ४, ६. उत्तर ०.७७१. ०.८८६ च्या खाली, म्हणजे सिद्ध होत नाही.

काही मुलं हिरमुसली. एकाने हळूच विचारलं, 'मॅडम, तिसऱ्या आणि चौथ्या जागेची अदलाबदल केली तर?' मी त्याला रागावले नाही. त्याला सांगितलं की एकवीस जणांनी लिहिलेलं गृहीतक तर आपण खोटं ठरवलंच आहे, कारण वेग खाली जाताना कमी झाला नाही. 'वाढतो' हे सिद्ध करायला आपल्याकडे जागा कमी पडल्या. अहवालात अगदी हेच वाक्य लिहायचं. सर्वांनी लिहिलं, आणि यावेळी तेवीस अहवाल तेवीस प्रकारचे आहेत.

एक कोडं राहिलं. चौथ्या जागी दगड तिसऱ्यापेक्षा मोठे कसे?

---

गारगोटी | २१ डिसेंबर, रात्री ९:४४

चौथ्या जागेच्या वर जवळच एखादा ओढा मिळतो का? मिळत असेल तर उत्तर तिथेच आहे. मुख्य नदीचे दगड लांबून झिजत आलेले असतात, ओढ्याचे डोंगरातून नुकतेच उतरलेले. पॉवर्सच्या तक्त्याप्रमाणे चौथ्या जागेचे दगड जास्त कोनीय आहेत का बघा. मोठे आणि कोनीय असले तर ते ओढ्याचेच. शिवाय दगड खाली बारीक होतात ते फक्त झिजून नाही. नदी छोटे पुढे नेते आणि मोठे मागे ठेवते, हा निवडीचाही भाग आहे.

---

खडूफळा | २१ डिसेंबर, रात्री १०:३०

वह्या काढून बघितल्या. चौथ्या जागी कोनीय दगड तिसऱ्याच्या जवळपास दुप्पट. आणि नकाशावर अर्धा किलोमीटर वर डावीकडून ओढा येतो! आम्ही त्याच्यावरच्या मोरीवरून बस नेली होती आणि कुणी खिडकीतून बघितलं नाही. उद्या पहिल्या तासाला सांगते.

---

महाडचा | २२ डिसेंबर, सकाळी ८:१५

बाई, सगळा धागा वाचून काढला. तुम्ही मोजलीत ती डिसेंबरातली सावित्री. आम्ही जिच्यासोबत राहतो ती जुलैतली आहे. २२ जुलै २०२१ ला वर महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला आणि ते पाणी कड्यावरून थेट आमच्याकडे आलं. तुम्ही शंभर-सव्वाशे किलोमीटर म्हणता ते दोन दिवसांत बघायला सोयीचं, पण पुराला तेवढंच अंतर काही तासांचं. काळ नदी आणि गांधारी इथेच येऊन मिळतात. त्यात भरती असली तर पाण्याला पुढे जायला जागा नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महामार्गावरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल गेला, तीही हीच नदी.

२०२१ नंतर पात्रातला गाळ आणि मधली बेटं काढायचं काम झालं. त्याने किती फरक पडला, यावर इथे प्रत्येक चहाच्या टपरीवर वाद आहे. मोजून कुणी बोलत नाही.

---

मोजणीदार | २२ डिसेंबर, सकाळी ९:००

मोजता येतं. भिंतीवरच्या पुराच्या खुणा आणि नदीचा आडवा छेद हाती असला, तर पुराच्या वेळी पाणी केवढ्या जागेतून वाहत होतं ते काढता येतं. लेव्हल पाइप घेऊन काठापासून खुणेपर्यंतची उंची घ्यायची. पाण्यात उतरावं लागत नाही. पूर्वी आम्ही पूर ओसरल्यावर हेच करायचो, गावागावात जाऊन भिंती बघायच्या.

---

खडूफळा | २२ डिसेंबर, दुपारी १२:४०

मुलांना विचारलं. तेवीसच्या तेवीस हात वर. परीक्षा संपल्यावर, फेब्रुवारीत. पाण्यात उतरायचं नाही, फक्त गल्ल्यांमधून भिंती मोजत फिरायचं.

---

महाडचा | २२ डिसेंबर, दुपारी १:१५

या. आमच्या घरात जिन्याच्या अकराव्या पायरीवर पाणी थांबलं होतं. आईने रंग देताना तेवढी पट्टी तशीच ठेवायला लावली आहे. शेजारच्या तीन घरांतही खुणा आहेत, त्यांच्याशी आजच बोलून ठेवतो. पाइप लांब आणा, आमची गल्ली नदीपासून बरीच आत आहे.